यदृच्छेतील शिस्त : दामोदर कोसंबी यांचे गणित

गणित म्हणजे निश्चितता आणि यदृच्छा म्हणजे तिचा अभाव; तेव्हा या दोहोंचे सूत जुळणे शक्य नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत किती अपुरी आहे हे पाहावयाचे असल्यास ग्रंथालयात जाण्याचे कारण नाही. पिंपरी, चिंचवड, भोसरी येथून थेट चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांपैकी कोणत्याही एका यंत्रशाळेत डोकावले तरी पुरे. एकाच यंत्रावर, एकाच कारागिराने, एकाच पोलादाचे शंभर जॉब कातले आणि मायक्रोमीटर लावून त्यांची जाडी मोजली, तर शंभरही आकडे तंतोतंत सारखे कधीच येत नाहीत. कोणता जॉब केसभर जाड निघेल हे कोणी सांगू शकत नाही. परंतु शंभरांत किती जॉब ठरलेल्या मर्यादेबाहेर जातील याचा अंदाज मात्र चांगला बांधता येतो. एकट्या वस्तूच्या ठिकाणी दिसणारी अव्यवस्था समुदायाच्या ठिकाणी व्यवस्था होते. या व्यवस्थेचा शोध ज्यांनी मोठ्या धाडसाने घेतला, आणि त्या धाडसाची किंमतही मोजली, अशा एका महाराष्ट्रीय गणितज्ञाची ही हकीकत आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें येथे झाला. पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे गाढे पंडित धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. वडिलांबरोबर लहानपणीच अमेरिकेस गेलेला हा मुलगा १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाचा पदवीधर होऊन स्वदेशी परतला. बनारस व अलीगढ येथे अध्यापन केल्यावर १९३३ च्या सुमारास ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले व सुमारे बारा वर्षे तेथे गणित शिकवीत राहिले. १९४५ साली होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली, तेव्हा आरंभीच्या दिवसांतच कोसंबी तिच्यात दाखल झाले. संस्था मुंबईस आणि बिऱ्हाड पुण्यास. त्यामुळे त्यांचा प्रवास डेक्कन क्वीन गाडीने चाले. खडकी, पिंपरी, चिंचवड ही स्थानके न थांबता मागे टाकणाऱ्या त्या गाडीच्या खिडकीतून १९५४ नंतर पिंपरीचा पेनिसिलीनचा सरकारी कारखानाही दिसू लागला असला पाहिजे. याच मुलखात, देहू-कार्ल्याच्या बाजूस, कोसंबी पायी हिंडून जुन्या वाटा, लेणी व दगडी हत्यारे धुंडाळीत. इतिहासकार म्हणून त्यांची कीर्ती आज सर्वत्र आहे. पण त्यांचा मूळ पेशा गणिताचा होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

इतिहासाकडे ते वळले तेही एका अर्थाने आकड्यांच्याच वाटेने. प्राचीन आहत नाणी हाताहाती फिरताना झिजतात; तेव्हा त्यांच्या वजनांतील घट पाहून ती किती काळ चलनात होती याचा अंदाज बांधता यावा, असा विचार करून त्यांनी हजारो नाणी तराजूत घालून तोलली. १९४४ साली त्यांनी आनुवंशशास्त्रासाठी एक सूत्र दिले. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर कसे मोजावे, हे सांगणारे ते सूत्र ‘कोसंबी सूत्र’ या नावाने पिकांच्या व प्राण्यांच्या अभ्यासात आजही वापरले जाते. परंतु त्यांचे सर्वांत दूरगामी काम याच्या एक वर्ष आधीचे आहे, आणि आश्चर्य असे की त्यावर त्यांचे नाव क्वचितच आढळते.

१९४३ साली भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात त्यांनी एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय एका उदाहरणाने ध्यानात येईल. एखादे यंत्र चालू असता त्याचा दांडा थरथरतो. या थरथरीचा आलेख कागदावर उमटविला तर दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यास एक वक्ररेषा मिळते. शंभर फेऱ्यांच्या शंभर रेषा. सगळ्या साधारण सारख्या, पण एकही दुसरीसारखी नाही. आता प्रश्न असा की, या सर्व रेषा ज्यांच्या मिश्रणाने घडल्या असे काही थोडे मूळ आकार सापडतील काय? सतारीचा नाद हा मूळ स्वर व त्याचे उपस्वर यांचा बनलेला असतो, हे सर्वांस माहीत आहे. तसे ठरीव आकार घेऊन कोणतीही रेषा फोडण्याची युक्ती फ्रेंच गणितज्ञ फूरिये यांनी पूर्वीच दिलेली होती. पण ठरीव आकार हे बाजारातील तयार कपड्यांसारखे असतात. कोठे सैल, कोठे तंग. कोसंबींनी अंगाचे माप घेऊन कपडे शिवण्याची रीत सांगितली.

ती रीत अशी. फेऱ्यातील कोणतेही दोन क्षण घ्यावे आणि पाहावे की, पहिल्या क्षणी रेषा सरासरीहून वर गेली असता दुसऱ्या क्षणीही ती वर जाते काय, आणि किती प्रमाणात. अशा सर्व जोड्यांचे संबंध आडव्या ओळींत व उभ्या स्तंभांत मांडले की एक सारणी तयार होते. तिलाच गणितात मॅट्रिक्स म्हणतात. अशा प्रत्येक सारणीस स्वतःचे असे काही खास आकार असतात, आणि प्रत्येक आकाराबरोबर त्याचे महत्त्व सांगणारी एक संख्या असते. तिला आपण लक्षणमूल्य म्हणू. ज्याचे लक्षणमूल्य मोठे, तो आकार थरथरीत प्रमुख. ज्याचे लहान, तो गौण. शंभर रेषांचा सारा पसारा अशा चार-पाच आकारांत पुष्कळदा आटोपतो; आणि विशेष म्हणजे, या आकारांच्या मात्रांचा एकमेकींशी सहसंबंध राहत नाही. एकीवरून दुसरीचा सरळ प्रमाणातील अंदाज बांधावा असे त्यांत काही उरत नाही.

कोसंबींच्या निबंधानंतर दोन-चार वर्षांतच फिनलंडमध्ये कार्हुनेन यांनी व फ्रान्समध्ये लोएव यांनी स्वतंत्रपणे हीच गोष्ट मांडली, आणि जगाने त्या दोघांची नावे तिला दिली. निबंध निघाला तेव्हा महायुद्धाचे दिवस होते आणि भारतातील नियतकालिकांचा युरोप-अमेरिकेत प्रसार थोडा होता. आज हवामानाचे नकाशे, चित्रांचे संक्षेपण, चेहऱ्यांची ओळख, यंत्रांच्या कंपनांची तपासणी अशा कितीतरी कामांत ही रीत वापरली जाते. चाकणच्या एखाद्या कारखान्यात बेअरिंग बिघडण्याआधी इशारा देणारे उपकरण बसविणाऱ्या अभियंत्यास ती कार्हुनेन-लोएव या नावाने ठाऊक असते. पुण्यात गणित शिकविणाऱ्या एका प्राध्यापकाने ती त्यांच्याही आधी लिहून ठेविली होती, हे त्याच्या कानी कदाचित गेलेलेही नसते. अलीकडे काही ग्रंथकार तिसरे नाव म्हणून कोसंबींचे नाव जोडू लागले आहेत.

या रीतीतून एक नवा प्रश्न उभा राहतो, आणि तो यादृच्छिक सारण्यांच्या शास्त्राकडे नेतो. सारणीतील आकडे प्रत्यक्ष मोजमापांवरून आलेले असतात, आणि मोजमापांत यदृच्छा असतेच. मग निघालेली लक्षणमूल्ये कितपत खरी मानावी? जॉन विशार्ट या संख्याशास्त्रज्ञाने १९२८ साली अशा सारण्यांच्या वितरणाचा पाया घातला. १९६७ साली मार्चेंको व पास्तूर या दोन सोव्हिएट गणितज्ञांनी मोठ्या सारण्यांविषयीचा नियम दिला. समजा, एका यंत्रावर शंभर मापके बसविली आणि प्रत्येकाची चारशे वाचने घेतली. मापकांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही आणि प्रत्येकातील चढउतार एक एकक आहे, असे धरू. तर खरोखर प्रत्येक लक्षणमूल्य १ यावयास पाहिजे. प्रत्यक्षात ती ०.२५ पासून २.२५ पर्यंत पसरतात. म्हणजे एखादे मूल्य २ आले म्हणून त्यात काही गूढ कारण शोधणे व्यर्थ होय; तो केवळ यदृच्छेचा खेळ. मूल्य ४ किंवा ५ आले तर मात्र यंत्रात खरोखरच काहीतरी आहे. भास कोठे संपतो आणि वस्तुस्थिती कोठे सुरू होते, याची सीमारेषाच या नियमाने आखून दिली.

याच्या काही वर्षे आधी पदार्थविज्ञानातून दुसरा एक प्रवाह या शास्त्रास येऊन मिळाला होता. युरेनियमसारख्या जड अणूच्या गर्भातील ऊर्जेच्या पायऱ्या इतक्या गुंतागुंतीच्या असतात की त्या एकेक करून काढणे अशक्य. तेव्हा युजीन विग्नर यांनी १९५५ च्या सुमारास असे सुचविले की, त्या गर्भाचे वर्णन करणाऱ्या सारणीत सरळ यदृच्छेने आकडे भरावे आणि तिची लक्षणमूल्ये कशी मांडली जातात ते पाहावे. अशा सारणीची लक्षणमूल्ये एकमेकांस चिकटत नाहीत; अंतर राखून बसतात. याचे कारण अगदी लहान उदाहरणातही दिसते. दोन ओळी व दोन स्तंभ यांची सारणी घ्या. एका कर्णावर ५ व ५, आणि उरलेल्या दोन्ही जागी १ मांडा. हिची लक्षणमूल्ये ४ व ६ येतात. ती एक व्हावयाची असतील तर कर्णावरील दोन संख्या सारख्या असल्या पाहिजेत, आणि शिवाय उरलेल्या जागी शून्य असले पाहिजे. दोन योगायोग एकाच वेळी घडावे लागतात, आणि म्हणून तसे सहसा घडत नाही.

निव्वळ योगायोगाने येणाऱ्या गोष्टींचे वागणे याच्या उलट असते. निगडीच्या थांब्यावर अर्धा तास बस येत नाही आणि मग तीन गाड्या पाठोपाठ येतात, हा अनुभव कोणास नाही? परंतु मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका गावी प्रत्येक चालक स्वतःच्या मिळकतीसाठी पुढच्या गाडीपासून अंतर राखून चाले. तेथील गाड्यांमधील अंतरे दोन शास्त्रज्ञांनी तपासली, तेव्हा ती यादृच्छिक सारणीच्या लक्षणमूल्यांसारखी निघाली. हे काम २००० साली प्रसिद्ध झाले.

या शास्त्राचा प्रमाणग्रंथ एका भारतीयानेच लिहिला. राजस्थानातील रेलमगरा येथे १९३२ साली जन्मलेले मदनलाल मेहता हे तरुणपणी काही काळ मुंबईच्या टाटा संस्थेत होते. म्हणजे कोसंबी तेथे प्राध्यापक होते त्याच दिवसांत. १९५८ साली मेहता फ्रान्सला गेले. तेथे गोदें यांच्या सहकार्याने आणि पुढे अमेरिकेत फ्रीमन डायसन यांच्याबरोबर त्यांनी लक्षणमूल्यांमधील अंतरांचे नियम बांधले. १९६७ साली निघालेला त्यांचा ‘रँडम मॅट्रिसेस’ हा ग्रंथ या विषयाचे मूळपीठ मानला जातो.

इकडे कोसंबी मात्र यदृच्छेचा हात धरून वेगळ्याच अरण्यात शिरले होते. २, ३, ५, ७, ११ या मूळ संख्या, म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज कशानेही न भागल्या जाणाऱ्या संख्या, वाटेल तशा विखुरलेल्या दिसतात. शंभरापर्यंत त्या २५ आहेत, हजारापर्यंत १६८, आणि दहा लाखांपर्यंत ७८,४९८. पुढची मूळ संख्या कोठे येईल याचे सोपे सूत्र नाही; तथापि त्यांच्या एकूण गणतीचा अंदाज देणारे सूत्र आहे, आणि दहा लाखांपाशी ते सुमारे १३० नीच चुकते. ही चूक पुढे किती वाढू शकेल? १८५९ साली जर्मन गणितज्ञ रीमान यांनी एका विशिष्ट फलाची शून्यस्थाने एकाच सरळ रेषेवर आहेत असे अनुमान केले. ते खरे असेल, तर ही चूक साधारणपणे त्या संख्येच्या वर्गमूळाच्या मानानेच वाढेल. नाणे दहा लाख वेळा उडविले असता छाप बरोबर निम्म्या वेळा पडत नाही. पण पडणारा फरकही वर्गमूळाच्याच मानाचा, म्हणजे काही शेकड्यांचा असतो. सारांश, मूळ संख्या या सच्च्या नाण्याइतक्या शिस्तीच्या आहेत, असे रीमानचे म्हणणे. ते सिद्ध करणे हा गणितातील एक अत्यंत कठीण प्रश्न समजला जातो.

नाण्याशी असलेले हे साम्य पाहून संख्याशास्त्रात मुरलेल्या कोसंबींस मोह पडला असल्यास नवल नाही. रीमानच्या लेखास बरोबर शंभर वर्षे झाली त्या १९५९ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. मूळ संख्यांकडे नमुना-निवडीच्या दृष्टीने पाहिले असता यदृच्छेच्या नियमांवरून रीमानचे अनुमान निष्पन्न होते, असा त्यांचा दावा होता. निबंध छापला कृषिसंख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात. संख्या-सिद्धांतातील जाणकारांच्या हाती असे नियतकालिक सहसा पडत नाही, आणि ते चालविणाऱ्यांकडून अशा सिद्धतेची कसून परीक्षा होण्याचाही संभव थोडा. जाणकारांनी पाहिली तेव्हा ती सिद्धता टिकली नाही.

उणीव कोठे होती हे समजून घेणे अगत्याचे आहे. समजा, ० ते ९ हे अंक चिठ्ठ्या टाकून एकापुढे एक लिहीत गेलो. तर अखेरीस प्रत्येक अंक दहांतून एकदा येईल, असे यदृच्छेचा नियम जवळजवळ शपथेवर सांगतो. वर्तुळाचा परीघ व व्यास यांचे गुणोत्तर घेतले आणि त्याचे अंक मोजले, तर तेथेही तसेच दिसते. पण ते नेहमी तसेच राहील, हे आजवर कोणीही सिद्ध करू शकलेले नाही. कारण ते अंक चिठ्ठ्या टाकून निघालेले नाहीत. ते ठरलेले आहेत. मूळ संख्याही ठरलेल्या आहेत. चिठ्ठीने निघालेल्या जवळजवळ सर्व मालिकांस लागू पडणारी गोष्ट ठरलेल्या एका मालिकेस लागू पडेलच, असे म्हणता येत नाही. कारखान्यातील हजार जॉबांपैकी नऊशे नव्याण्णव चांगले असतात, एवढ्यावरून हातातला एक जॉब चांगला ठरत नाही. तो मोजावाच लागतो.

कोसंबींनी दावा सोडला नाही. १९६३ साली मूळ संख्यांच्या नमुना-वितरणावर त्यांचा एक निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकातही आला. परंतु गणितज्ञांच्या मंडळातील त्यांची पत घसरली होती. १९६२ साली टाटा संस्थेने त्यांची नेमणूक पुढे चालविली नाही. तिची कारणे अनेक सांगतात, आणि या प्रकरणाचा त्यांत वाटा होता असे मानले जाते. पुढे शास्त्रीय व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांस सन्माननीय शास्त्रज्ञ म्हणून नेमले व पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांनी आपले काम चालू ठेवले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला.

यानंतर सहा वर्षांनी एक विलक्षण घटना घडली. ह्यू मॉन्टगोमेरी हा तरुण अमेरिकन गणितज्ञ रीमानच्या शून्यस्थानांमधील अंतरांचा अभ्यास करीत होता. १९७२ साली प्रिन्स्टनच्या संशोधनसंस्थेत चहाच्या वेळी सर्वदमन चौला या भारतीय गणितज्ञाने आग्रहाने त्याची डायसन यांच्याशी गाठ घालून दिली. मॉन्टगोमेरीने आपले सूत्र सांगताच डायसन यांनी ते ओळखले. यादृच्छिक सारण्यांच्या लक्षणमूल्यांचे सूत्र तेच होते. अधिक माहितीसाठी डायसन यांनी चिठ्ठी लिहून नाव सुचविले ते मेहतांच्या ग्रंथाचे. पुढे अँड्र्यू ओडलिझ्को यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या गणनेत, एकावर बारा शून्ये इतक्या क्रमांकाच्या पलीकडील एक लाख शून्यस्थाने संगणकाने काढून तपासली. त्यांची अंतरे त्या सूत्राशी आश्चर्यकारक रीतीने जुळली.

म्हणजे मूळ संख्यांच्या मुळाशी यदृच्छेसारखी एक शिस्त आहे, ही कोसंबींची जाणीव पोकळ नव्हती. मात्र ती यदृच्छा नाण्याची नव्हे, तर सारणीची निघाली. एकमेकांस ओळखून अंतर राखणाऱ्यांची निघाली. आणि हे सर्व जुळले तरी रीमानचे अनुमान आजही सिद्ध झालेले नाही. लक्षावधी आकड्यांची साक्ष ही साक्षच असते, निकाल नव्हे.

२०१६ साली कोसंबींचे निवडक गणिती निबंध एकत्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, आणि त्यांत १९४३ चा व १९५९ चा असे दोन्ही निबंध एकाच माणसाच्या लेखणीतून उतरलेले वाचावयास मिळतात. पहिल्याने जगास कायमचे हत्यार दिले, पण नाव दुसऱ्यांचे झाले. दुसरा टिकला नाही, आणि त्याचे ओझे मात्र त्यांच्याच नावावर राहिले. दोहोंमागे बुद्धी एकच होती : अव्यवस्थेकडे पाठ न फिरविता तिच्यातूनच नियम काढणारी. फरक एवढाच की, पहिल्या ठिकाणी यदृच्छा ही अभ्यासाची वस्तू होती आणि दुसऱ्या ठिकाणी ती पुरावा म्हणून उभी करण्यात आली. यदृच्छा वाट दाखवू शकते, आणि वेळप्रसंगी अचूक दाखविते. पण मुक्कामास पोहोचलो की नाही, हे शेवटी सिद्धतेलाच विचारावे लागते. कोसंबींच्या गणिताची योग्यता ठरविताना त्यांनी न गाठलेल्या मुक्कामाबरोबर त्यांनी दाखविलेली वाटही हिशेबात धरली पाहिजे, कारण त्या वाटेने आज पुष्कळजण चालत आहेत.